‘आज्ञेत राहा’ असे म्हणण्याआधी

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमचे पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातला मुख्य भाग आधी थोडक्यात सांगते.

तुम्ही नागपुरातील एका जुन्या मंडळीचे (चर्चचे) सेक्रेटरी आहात. दोन वर्षांपूर्वी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर निवडून आलात तेव्हा हिशेबाच्या वह्या अपुऱ्या होत्या, दानार्पणाची मोजणी एकच माणूस एकट्याने करीत होता आणि उपासना वेळेवर सुरू होण्याची सवयच मोडली होती. हे सगळे तुम्ही मार्गी लावले. त्यानंतर गीतमंडळाच्या सरावाला हजेरीपट ठेवला, तीनदा गैरहजर राहिलेल्या एका मुलीला रविवारी गीतमंडळात उभे राहू दिले नाही, तरुण संघाच्या प्रत्येक कार्यक्रमाला तुमची लेखी परवानगी आवश्यक केली, सभागृहाच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येतील अशी सोय करून घेतली. गेल्या नाताळात मेकोसाबागेपासून जरीपटक्यापर्यंत कॅरलसाठी, म्हणजे नाताळची गीते गात फिरताना, कोणत्या घरी, किती वाजता जायचे आणि कोणती गीते म्हणायची, हेही तुम्हीच ठरवून दिले; एरवी तीस-पस्तीस मुले निघत, ती या वेळी सातच आली. पुढे पंचवीस वर्षे गीतमंडळ सांभाळणाऱ्या एका काकूंनी तो हजेरीपट तुमच्या टेबलावर ठेवला आणि त्या सरावाला येईनाशा झाल्या. तुम्ही विचारता, “मंडळीत शिस्त नको का? नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असे स्पष्ट लिहिले आहे. प्रेषित पेत्र तरी हनन्या आणि सप्पीरा यांच्याशी कुठे नरमाईने वागला? मी नम्र झालो तर लोक डोक्यावर बसतील.”

पहिली गोष्ट ही की हिशेबाच्या बाबतीत तुम्ही केले ते अगदी योग्य केले, आणि कोणी कितीही नाके मुरडली तरी त्यात ढिलाई करू नका. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमा केलेला निधी पोचवायची वेळ आली तेव्हा प्रेषित पौलाने तो एकट्याने हाताळला नाही. मंडळ्यांनी नेमलेला बंधू त्याने सोबतीला घेतला आणि करिंथच्या मंडळीला त्याचे कारणही मोकळेपणाने लिहिले, ते असे की या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हांला दोष लावू नये, कारण जे प्रभूच्या दृष्टीने नीट आहे तेच माणसांच्याही दृष्टीने नीट असावे याची आम्ही काळजी घेतो. पौलाने केलेल्या या नियमाने आधी कोणाचे हात बांधले गेले, हे पाहा. त्याचे स्वतःचेच. आता तुमचे नियम याच कसोटीवर घासून पाहा. दान मोजताना दोन माणसे हवीत हा नियम तुम्हांलाही लागू होतो. गीतमंडळाच्या हजेरीपटावर तुमचे नाव नाही. तरुण संघाने तुमची परवानगी घ्यायची, पण तुम्ही ही नवी व्यवस्था आणताना कोणाची घेतली, हे पत्रात कुठे दिसत नाही. ग्रुपवर तुम्ही बोलू शकता आणि बाकीच्यांनी वाचायचे. दानाची मोजणी एकाच हातात असणे धोक्याचे आहे हे तुम्हीच कमिटीला पटवून दिलेत. मंडळीचे सगळे निर्णय एकाच हातात असणेही नेमके त्याच कारणाने धोक्याचे आहे, मग तो हात कितीही स्वच्छ असो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

तुम्ही दिलेल्या वचनाकडे आता येते. इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायातील ते १७वे वचन आहे आणि ते कोणी खोडून काढू शकत नाही. परंतु त्याच अध्यायात, दहा वचने आधी, ७व्या वचनात त्याच पुढाऱ्यांविषयी असे सांगितले आहे की ज्यांनी तुम्हांला देवाचे वचन सांगितले त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या वागणुकीचा शेवट काय झाला हे लक्षात घ्या आणि त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांनी आपल्या पुढाऱ्यांचे जगणे जवळून पाहिलेले होते, ते तोलून पाहण्यास त्यांना सांगितले गेले आणि त्यानंतरच आज्ञेत राहण्याची गोष्ट निघाली. शिवाय १७व्या वचनातही आज्ञापालनाचे कारण पुढाऱ्याचा हुद्दा असे दिलेले नाही. ज्यांना हिशेब द्यावयाचा आहे असे लोक तुमच्या जिवांची राखण करतात, हे कारण दिले आहे. मंडळीला ऐकवावे म्हणून तुम्ही जे वचन पाठ केले आहे त्यातला जड भाग तुमच्याच वाट्याला येतो.

हनन्या आणि सप्पीरा यांचा दाखला तुम्ही दिलात हे एका अर्थी बरे झाले, कारण त्यामुळे पेत्राविषयी बोलता येते, आणि अधिकार कसा वापरावा हे पेत्राइतके कोणाच्या आयुष्यातून शिकता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील ५वा अध्याय पुन्हा उघडा. जमीन विकून आलेल्या पैशांचा काही भाग मागे ठेवून सगळे दिल्याचा देखावा त्या जोडप्याने केला, तेव्हा पेत्राने हनन्याला सांगितले की जमीन होती तोवर ती तुझीच होती, आणि विकल्यावरही ते पैसे तुझ्याच स्वाधीन होते. किती द्यावे किंवा द्यावे की नाही, याची सक्ती प्रेषितांनी केलेली नव्हती. दोष ठेवला तो खोटेपणावर. शिक्षाही पेत्राच्या हातून झालेली नाही. तेव्हा सरावाला तीनदा गैरहजर राहिलेल्या मुलीला रविवारी गीतमंडळात उभे राहू न देण्याच्या समर्थनासाठी हा अध्याय पुढे करता येत नाही. (तिची आई त्या महिन्यात मेडिकलमध्ये भरती होती असे तुम्हीच पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. हजेरीपटात गैरहजेरी लिहिली जाते, गैरहजेरीचे कारण लिहायला त्यात रकाना नसतो. ते कारण काकूंना ठाऊक होते, आणि त्यांनी तो कागद तुमच्या टेबलावर का ठेवला असावा याचे उत्तर मला तरी यातच दिसते.)

हाच पेत्र पुढे यापोहून कैसरियाला कर्नेल्याच्या घरी गेला. तो रोमी शताधिपती पाया पडू लागला तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि मीही माणूसच आहे असे सांगितले. इथवरची गोष्ट उपदेशांत नेहमी येते. त्यानंतर यरुशलेमेत काय घडले याकडे मात्र कमी लक्ष दिले जाते. सुंता न झालेल्यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, घरी जाऊन तू जेवलास कसा, असा जाब तिथल्या विश्वासणाऱ्यांनी त्याला विचारला. येशूने ज्याला आपली मेंढरे सोपवली, ज्याच्या पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) उपदेशाने सुमारे तीन हजार माणसांची भर पडली, त्या माणसाला साध्या सभासदांनी जाब विचारला, आणि त्याने आपला मान सांगितला नाही, ‘मला विचारणारे तुम्ही कोण’ असेही म्हटले नाही. त्याने सगळा प्रसंग पहिल्यापासून क्रमाने सांगितला. ते ऐकून ते शांत झाले आणि देवाचे गौरव करू लागले. पुढे अंत्युखियात तो माणसांच्या भीतीने चुकला तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला टोकले, हेही आपल्यापासून लपवलेले नाही. इतक्या सगळ्यातून गेलेला हा माणूस आपल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात मंडळ्यांच्या वडिलांना, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांना, लिहितो, तेव्हा स्वतःला त्यांच्या बरोबरीचा वडील म्हणवतो आणि सांगतो की सोपवलेल्या लोकांवर धनीपण गाजवू नका, कळपापुढे कित्ता होऊन राहा. तुमच्या पत्रावर मला द्यावासा वाटणारा सल्ला मुळात हाच आहे. बाकीचे त्याचा रोजच्या कामात उपयोग कसा करायचा यापुरते आहे.

इथे एका गैरसमजापासून सावध करते, कारण तुमच्यासारखा कष्टाळू माणूस त्यात सहज सापडतो. नम्र व्हा असे म्हटले की आपल्याकडे पुढाऱ्याला पहिल्यांदा झाडू आठवतो. येत्या शनिवारी तुम्ही मंदिर स्वतः झाडाल, खुर्च्या लावाल, प्रभुभोजनाची भांडी घासाल, आणि मी तुम्हांला अडवणार नाही. ज्याने कधी खुर्ची उचलली नाही त्याने दुसऱ्यांना खुर्च्या लावायला सांगू नये हे खरेच आहे. तरी खालचे काम करणारा हातही सगळे काही मुठीत ठेवू शकतो. ‘सगळे मीच करतो, दुसऱ्या कोणाला जमत नाही’ हे वाक्य सेवेचे वाटते, पण त्यात बाकीच्यांच्या हातून त्यांचा वाटा काढून घेतलेला असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री पेत्र आधी नको म्हणाला, मग हात आणि डोकेही धुवा म्हणाला. दोन्ही वेळा काय व्हावे हे तोच ठरवू पाहत होता. आणि पाणी घेऊन फिरणाऱ्या प्रभूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचे पायही धुतले, त्याला खोलीत कोंडून ठेवले नाही. तुमच्याकडून खरी अपेक्षा आहे ती ही की जे काम तुम्ही अधिक नीटनेटके केले असते ते दुसऱ्याला त्याच्या पद्धतीने करू द्यावे, आणि लोकांनी तुम्हांला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत अशी जागा ठेवावी. शनिवारी मंदिर झाडण्यापेक्षा हे फार कठीण आहे.

कॅरलचेच पाहा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि वाटपाची वही आपल्याकडेही ओढून घेतली नाही. तुमच्यातूनच सात माणसे निवडा असे त्यांनी लोकांना सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती अन्नाचे वाटप गेले. त्यातला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली. प्रेषितांनी स्वतःला वाटपात अडकवून घेतले असते तर ही माणसे पुढे आली असती का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. तुम्ही या ऑक्टोबरातच तरुण संघाला बोलवा आणि नाताळची सगळी कॅरल राउंड त्यांच्याकडे सोपवा, पावतीपुस्तकासह. मुलांना पैशांपासून दूर ठेवून हिशेबाची शिस्त शिकवता येत नाही. त्यांच्यातलेच दोघे पैसे मोजतील, सोबत कमिटीचा एक माणूस असेल आणि तो तुम्ही नसावात. दोनच गोष्टी तुम्ही ठरवून द्या: दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती, आणि लहान मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत घरी पोचायचे ती वेळ. बाकी कोणत्या वस्तीपासून सुरुवात करायची, गड्डीगोदामात किती वेळ थांबायचे, ढोलक न्यायचा की गिटार, हे त्यांना ठरवू द्या. एखादे घर सुटेल. त्या घरातले आजोबा तुम्हांला फोन करून तक्रार करतील. तेव्हा मुलांची बाजू घ्या आणि दुसऱ्या दिवशी दोन मुलांना घेऊन त्या घरी जा.

काकूंकडे मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जा. पाळकसाहेबांना मध्ये घालू नका, एकटे जा, आणि मंडळीत त्यांचा सत्कार करण्याची कल्पना मनात असेल तर ती काढून टाका; दुखावलेल्या माणसाला शाल पांघरली की दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. परत या असेही पहिल्याच भेटीत म्हणू नका. हजेरीपट तुम्हांला न विचारता लावला, ते चुकले, एवढे बोला आणि मग त्या सांगतील ते ऐका. त्या बोलत असताना हजेरीपटामागे तुमचा उद्देश काय होता हे समजावण्याचा मोह होईल. तो आवरा. उद्देश चांगला होता हे त्यांना बहुधा ठाऊकच असेल. त्या गीतमंडळात परत येतील की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि त्या आल्या तरच ही भेट सफल झाली असे तुम्हीही समजू नका.

आता तुमची भीती. लोक डोक्यावर बसतील का? काही बसतील. नम्रतेने सगळे वठणीवर येतात असे मी सांगणार नाही. प्रभूच्या मेजावर बसलेल्यांतही एक उठून गेला. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, त्याला मंडळीत पहिले स्थान हवे असायचे आणि तो आलेल्या बंधूंचा स्वीकार करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत असे. अशी माणसे आजही भेटतात आणि तुमच्या मवाळपणाचा फायदा घेतात. पण कडकपणाने माणसे टिकतात हा समजही शास्त्रात तपासून पाहा. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोकांनी त्याच्याकडे जू हलके करण्याची विनंती केली. बापाच्या दरबारातल्या वृद्धांनी त्याला सांगितले की आज तू या लोकांचा सेवक झालास तर ते कायमचे तुझे सेवक होतील. त्याच्याबरोबर वाढलेल्या तरुणांनी सांगितले की तुझी करंगळी तुझ्या बापाच्या कंबरेपेक्षा जाड आहे असे त्यांना ठणकावून सांग. त्याने दुसरा सल्ला ऐकला आणि दहा वंश गमावले. तुमच्या मंडळीत कोणी बंड करणार नाही; माणसे नुसती येईनाशी होतील, आणि ते तर सुरूही झाले आहे.

नागपुरात बसून हा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत बिशपांच्या अधिकाराखाली वाढलेले अँग्लिकन होते आणि स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्य जपणारे बॅप्टिस्टही होते. एकमेकांचे पाय प्रत्यक्ष धुण्याची रीत पाळणारे ब्रदरन होते. लहान बाळांना बाप्तिस्मा द्यावा की विश्वास कबूल केलेल्यालाच द्यावा, यासारख्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावरही दोन्ही रीतींना जागा देण्यात आली. त्या ऐक्यानंतर भांडणे झाली नाहीत असा माझा दावा नाही, मालमत्तेवरून आणि पदांवरून झालेली भांडणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तरीही त्या दिवशी प्रत्येकाने जपून ठेवलेले काहीतरी हातातून सोडले म्हणून ते घडू शकले. तुम्हांला सोडायचे आहे ते त्या मानाने फार थोडे आहे: ग्रुपवर सर्वांना बोलू द्या, सभागृहाची एक किल्ली महिला संघाला आणि एक तरुण संघाला द्या, आणि कमिटीच्या दर बैठकीचा पहिला अर्धा तास सभासदांच्या प्रश्नांसाठी ठेवा. ग्रुपवर गुलाबाच्या फुलांची चित्रे आणि खोट्या बातम्याही येतील. त्या सहन करा, किंवा एखाद्या जाणत्या मुलीला ॲडमिन करून तिला आवरायला सांगा.

हे सगळे करताना तीन बाबतींत तसूभरही ढळू नका: पैसा, मुलांची सुरक्षितता आणि कोणावर होणारा अत्याचार. एखाद्या वडिलाविरुद्ध, शिक्षकाविरुद्ध किंवा प्रत्यक्ष पाळकाविरुद्ध गंभीर तक्रार आली तर ‘बंधू, आपण नम्र राहावे, प्रभू पाहून घेईल’ असे म्हणून ती दाबणे ही नम्रता नव्हे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडिलावरील आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असे म्हटले आहे, आणि लगेच पुढे पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष दाखवावा असेही म्हटले आहे. आपल्याकडे पहिले वाक्य तेवढे आठवते. आणि लहान मुलावर अत्याचार झाल्याचा संशय असेल तर साक्षीदार गोळा करत बसू नका, पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नम्र राहा हा उपदेश पुढाऱ्याने स्वतःला करावा. अन्याय झालेल्या बाईला किंवा तक्रार घेऊन आलेल्या मुलाला तो करू नये.

तुमच्या कमिटीची मुदत पुढच्या वर्षी संपते असे तुम्ही लिहिता, आणि आपण गेल्यावर पुन्हा सगळे विस्कटेल ही काळजीही त्या ओळीमागे दिसते. विस्कटू नये म्हणून आतापासून कोणालातरी सोबत घ्या. हिशेब कसा लिहायचा, मोजणी कोणासमोर करायची, बँकेत केव्हा जायचे, मंदिराच्या विजेचे बिल आणि स्मशानभूमीची कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, हे सर्व एका वहीत लिहून काढा आणि कमिटीतल्या दोन तरुण सभासदांना प्रत्येक वेळी शेजारी बसवा. त्यातली एक मुलगी असेल तर फार चांगले. मुदत संपली की पुन्हा उभे राहू नका, निदान एक खेप तरी नाही. नव्या सेक्रेटरीने विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका, आणि तो तुमची एखादी पद्धत बदलेल तेव्हा इतर सभासदांप्रमाणे तुम्हीही प्रश्नांच्या अर्ध्या तासातच त्याला त्याविषयी विचारा.